नांदीतच फसलो: फिजीची एक दिवसाची बोट-सफर, 1220 डॉलरला

आधी आकडे लिहितो, म्हणजे "एवढंच ना?" असं कुणी म्हणायला नको. आगाऊ 300, निघताना 480, मास्क आणि फिन्सचं भाडं 80, "गावाची फी" 160, आणि भर समुद्रात "तेलाचे" 200. चौघांचे मिळून 1220 फिजी डॉलर, म्हणजे 46 हजार रुपयांच्या आसपास. बदल्यात मिळाली पन्नास मिनिटांची पुळण आणि ओलं झालेलं सँडविच.

स्वस्ताच्या मोहाने फसलो असं कृपया समजू नका. नांदी शहराजवळच्या देनाराऊच्या धक्क्यावर मोठ्या कटमरान बोटीच्या दिवसभराच्या सफरीला माणशी दोनशेच्या पुढे सांगत होते, हा होडीवाला 195 म्हणाला. फरक इतका किरकोळ की संशय यायचं कारणच नव्हतं. स्वतःची बोट, मामानुथा बेटसमूहातली दोन बेटं, एक गाव, जेवण. चौघेही ऑकलंडहून आलो होतो, चौघांनीही त्याचे फोटो गुगलवर टाकून, दुसरीकडून उचललेत का ते पाहिलं होतं. यापेक्षा जास्त काय करायचं असतं?

करायचं होतं. कान उघडे ठेवायचे होते. (शहराचं नाव इंग्रजीत नादी लिहितात, म्हणतात नांदी. आमच्या नाटकाची नांदी तिथेच झाली.) गडी फिजी हिंदीत बोलत होता, आम्ही मराठीत कुजबुजलो तशी त्याची कळी खुलली. "हमार आजा रत्नागिरी से आइन रहा, गिरमिट में." झालं! चारही शिकलेली डोकी विरघळली. अरे, गिरमिटियांची, म्हणजे करारावर फिजीला नेलेल्या मजुरांची, जहाजं सुटायची कलकत्त्याहून, आणि 1903 पासून मद्रासहूनही. 1879 च्या लिओनिडासपासून 1916 पर्यंत साठ हजारांवर माणसं गेली, बहुतेक आताच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची नाहीतर दक्षिणेची. रत्नागिरीचा आजा या गणितात कुठून आला? आदल्याच दिवशी तिथल्या देवळाबाहेर हाच इतिहास मी मित्रांना ऐकवला होता. तो गप्पकन गिळला आणि 300 डॉलर मोजून दिले. ती जागा, ते वाक्य, माझा तो "अरे वा!" आठवला की अजून तोंड कडू होतं. आम्ही मुंबईकडचे हे त्याने पाचच मिनिटांपूर्वी आमच्याकडूनच काढून घेतलं होतं.

पावती दिली. पावती दिली म्हणून बरं वाटलं, हाही मूर्खपणाच. तिथल्या नोंदणीकृत व्यवसायाच्या बिलावर टिन, म्हणजे करदाता क्रमांक, छापलेला असतो. आमच्या कागदावर "बुला!" (तिथला नमस्कार) आणि नारळाचं झाड होतं. टिन नसेल तर पैसे देऊ नका, बाकी गप्पा नंतर.

बोट धक्क्यावर नव्हती, वायलोआलोआच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती. उघडी फायबरची होडी, मागे 40 अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन, सहा माणसांना दोन लाइफ जॅकेट. बाजूवर नोंदणी क्रमांक असायला हवा तिथे ताजा निळा रंग. फोटो काढलाच नाही. निघण्याआधी क्रमांकाचा फोटो काढा, आणि क्रमांक नसेल तर पाय पाण्यात घालू नका.

आता खरी मेख. त्याने आधी वाळूच्या पट्ट्यावर नेलं, सव्वाअकराला. भरती होती दीडच्या सुमारास. म्हणजे बाराच्या पुढे पट्टा पाण्याखाली जाणार हे त्याला पक्कं ठाऊक. बारा वाजून पाच मिनिटांनी घोट्याला पाणी लागलं की माणूस "कुठेही ने, पण ने" म्हणतो, आणि तिथून पुढचे भाव तो ठरवतो. भरतीचं वेळापत्रक नेटवर फुकट मिळतं. पट्ट्यावर जायचंच तर ओहोटीच्या आगेमागे दीड-दोन तास, नाहीतर नाही.

मग मलोलोच्या बाजूचं गाव. "मुखियाला माणशी 40." सेवुसेवू, म्हणजे गावात शिरताना भेट द्यायचा रिवाज, असा नसतो. यांगोनाची, म्हणजे ज्यापासून कावा हे पेय करतात त्या मुळ्यांची जुडी नांदीच्या बाजारातून घेऊन जायची, गावच्या तुरांगा-नि-कोरोपुढे, म्हणजे मुखियापुढे, ठेवायची, टोपी-गॉगल काढून, खांदे झाकून. काही ठिकाणी वेगळी फी घेतात हे खरं, पण ती गावात पोचल्यावर, गावच्या माणसाच्या हातात. याने पैसे होडीतच घेतले, एकटा उतरून दहा मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, गावात मयत झालंय, आज परक्यांना बंदी. मयताच्या घरी फी परत मागणार कोण?

परतीच्या वाटेवर इंजिन बंद. तेल संपतंय म्हणाला. हे पूर्ण खोटंही नव्हतं, म्हणून पटलं. दुपारी आग्नेयेचा वारा वाढतो, नांदीकडे येताना लाटा तोंडावर येतात आणि इंजिन जास्त पितं. पण हिशेब करा: एका बाजूला साधारण 25 किलोमीटर, जाऊन-येऊन 40 लिटरही पुष्कळ झाले. लिटरला तीन डॉलर धरले तरी 200 डॉलरांत 65 लिटर येतं. आणि समुद्रात पंप कुठला? पैसे दिल्याबरोबर फळीखालून दुसरी टाकी निघाली. निघताना टाक्या मोजा, हात लावून हलवून बघा.

त्यानंतरचं तर विचारूच नका. दिवस शनिवार. चौकीत म्हणाले होडीचा नंबर सांगा. नंबर असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? दुसरा म्हणाला, तुम्ही पैसे खुशीने दिलेत, हा दिवाणी मामला आहे. भर समुद्रात बंद इंजिनावर खुशी! पर्यटन कार्यालयात जा म्हणे. रविवारी ते बंद. सोमवारी सकाळी तिथल्या बाईंनी चौकीची पोचपावती मागितली, चौकीने पोचपावती दिलीच नव्हती, वहीत पेन्सिलने दोन ओळी लिहिल्या होत्या. भारतीय उच्चायुक्तालयाला फोन केला तर आमच्यातल्या एकाचा पासपोर्ट न्यूझीलंडचा म्हणून त्याने न्यूझीलंडवाल्यांशी बोलावं, बाकी तिघांनी इकडे मेल करावा. ऑकलंडच्या बँकेने विचारलं, कार्डाने दिले का? रोख दिले होते. तर मग बँकेचा संबंध नाही. म्हणून सांगतो, आगाऊ रक्कम कार्डानेच, भले दोन-तीन टक्के वर जाऊ देत. आमच्या 1220 मधला एक डॉलरही कार्डावरचा नव्हता, हे त्याने नीट बघितलं होतं.

हिंदी बोलणारे सगळे तसलेच असाही अर्थ काढू नका. चौकीपर्यंत नेणारा टॅक्सीवालाही हिंदीच बोलत होता, मीटरवर सात डॉलर झाले, सातच घेतले, आणि वर आम्हालाच रागावला, "बीच से बोट पकड़ा?"

तीन आठवड्यांनी मेलला उत्तर आलं. तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे, होडीचा नोंदणी क्रमांक कळवल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल.