तांब्याची वायर सोलायचं हँडलवालं मशीन: काही महिने वापरल्यावर

भंगारातल्या वायरीची साल काढून आतलं तांबं विकायला वापरतो ते हे मशीन. टेबलाला बोल्टने आवळून बसवायचं, हँडलने फिरवायचं. खाली खाचांचा रोलर, वर गोल पातं, पातं वरखाली करायला स्क्रू. बास. जाड वायरीला झकास चालतं, बारीक वायरीला घेऊ नका. यात दोष मशीनचा कमी आणि हिशोबाचा जास्त.

सोलायला वेळ लागतो मीटरवर, पैसे मिळतात किलोवर. 2.5 चौरस मिलिमीटरच्या 100 मीटर वायरीत साधारण सव्वादोन किलो तांबं असतं, 6 च्या वायरीत सव्वापाच किलोच्या वर, आणि 0.75 च्या वायरीत पाऊण किलोसुद्धा भरत नाही. हँडल मात्र तिन्हींना तेवढंच मारायचं. त्यामुळे नवीन माल आला की मी आधी त्यातला एक तुकडा तोलतो, सोलतो, परत तोलतो. 100 ग्रॅमचं 65 ग्रॅम तांबं निघालं तर सोललेल्या तांब्याचा भाव गुणिले 0.65, आणि तो आकडा न सोललेल्या वायरीच्या भावाशी ताडून बघायचा. फरकात मेहनत निघत नसेल तर माल तसाच सालासकट विकतो. चार्जर, इअरफोनच्या वायरी तर सोलायच्या भानगडीत पडूच नये.

खरी गंमत पात्याच्या सेटिंगमध्ये आहे. पातं तांब्याला टेकलं तर तारेवर ओरखडा पडतो, बारीक कीस निघतो आणि धारही लवकर जाते. वर राहिलं तर नुसती रेघ उमटते, साल सुटत नाही. मी वीतभर तुकडा घालून बघतो: चिरेच्या तळाशी तांबं दिसायला नको, पण वायर वाकवली की साल आपोआप फाकली पाहिजे. एकदा जमलं की त्याच जाडीचा सगळा माल एका दमात काढायचा. जाडी बदलली की पुन्हा स्क्रू, पुन्हा तुकडा. म्हणून निवडायला बसलेला वेळ वाया जात नाही. थंडीत पीव्हीसी, म्हणजे सालीचं प्लास्टिक, कडक होतं आणि चीर वेडीवाकडी जाते. वेटोळं तासभर उन्हात टाकलं की तीच वायर शेंग सोलावी तशी सुटते.

तक्रारी दोन. सेटिंगचा स्क्रू हादऱ्याने हळूहळू सैल होतो. मी वरून एक चेकनट (स्क्रू जागेवर धरून ठेवणारा जादा नट) आवळला, तेव्हापासून त्रास नाही. दुसरी म्हणजे चपटी दोन-कोअर वायर (आत साल असलेल्या दोन वेगळ्या तारा) आत गेली की आडवी फिरते. ती आधी मधोमध फाडून वेगळी करावी लागते. तीन-कोअर केबलचंही तसंच, बाहेरची साल आधी, आतल्या कोअर नंतर.

हँडलच्या जागी ड्रिल जोडता येतं. जोडलंत तर वेग अगदी कमी ठेवा आणि रोलरजवळ हातमोजे घालू नका, मोज्याचं टोक रोलरने ओढलं तर बोटं मागोमाग जातात. जुन्या पीव्हीसीत शिसं असू शकतं, तेव्हा काम झाल्यावर साबणाने हात धुवा, मगच खा-प्या.

साल जाळून काढायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन निघतात, आणि काळवंडलेल्या तांब्याला चकचकीत तांब्याचा भाव मिळत नाही. म्हणजे विष पोटात घ्यायचं आणि वर पैसेही कमी. सर्वात वरच्या प्रतीला, जिला आंतरराष्ट्रीय व्यवहारात ‘बार्ली’ म्हणतात, तार उघडी, स्वच्छ, बिनकलईची आणि साधारण 1.3 मिलिमीटरपेक्षा बारीक नसलेली लागते. कलई केलेली पांढरट तार म्हणूनच वेगळ्या पोत्यात.

आणि सोलायच्या आधी कानस एकदा तरी मारा. वरून तांबं आणि आत चांदीसारखं पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार. वेटोळं हातात घेतलं तरी हलकं लागतं. टीव्हीच्या केबलच्या मधल्या तारेला लोहचुंबक लावा, चिकटला तर आत पोलाद आहे.

घ्यायचं असेल तर पातं बदलता येणारं आणि सुटं पातं सहज मिळणारं मॉडेल बघून घ्या. मोटरवाल्याच्या वाटेला मी तरी जाड केबलचा माल सतत येत असल्याशिवाय जाणार नाही.