रेड लिपस्टिक अ‍ॅग्लोनेमा : झाड एक नंबर, पण लेबल वाचून घेऊ नका

पाचपैकी चार स्टार. जो एक कापलाय तो झाडाचा नाही, विकणाऱ्यांचा. कारण हल्ली कुठेही बघा, ऑनलाइन असो की नर्सरी, या लाल अ‍ॅग्लोनेमावर एकच चिठ्ठी लावलेली असते, "लो लाइट, लो मेंटेनन्स, घरात कुठेही ठेवा". अहो कुठेही नाही चालत ते!

आधी झाडाबद्दल. लिपस्टिक म्हणून जो मिळतो त्याचं खरं नाव सियाम ऑरोरा, पान मधे हिरवं आणि कडेला, मधल्या शिरेला आणि देठाला गडद गुलाबी-लाल. फोटोत दिसतं तसंच प्रत्यक्षात दिसतं, यात फसवणूक नाही. क्रोटॉनसारखी जागा बदलली की पानं गाळायची नाटकं नाहीत, कलाथियासारखी रोज कुठली तरी कड करपत नाही. सासूबाईंनी बघितल्या बघितल्या विचारलं, हे खाजरं अळू दिवाणखान्यात कशाला आणलंस, आणि त्या अगदी बरोबर होत्या कारण हे अळूच्याच कुळातलं आहे, चावलं तर तोंडाला तशीच आग होते (कॅल्शियम ऑक्झलेट, दोन्हीकडे तेच). घरात मांजर किंवा रांगतं पोर असेल तर उंचावर ठेवा, नाहीतर घेऊच नका.

आता तो "लो लाइट"चा घोळ. ते वाक्य हिरव्या अ‍ॅग्लोनेमाचं आहे. तो जुना चंदेरी-हिरव्या पट्ट्यांचा असतो ना, बँकेत, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये नुसत्या ट्यूबलाइटवर वर्षानुवर्षं जगतो, त्याचं. लाल जाती खूप नंतरच्या. इंडोनेशियातले ग्रेग हम्बाली म्हणून एक वनस्पतितज्ज्ञ, त्यांनी १९८० च्या दशकात सुमात्रातल्या लालसर पानांच्या जंगली अ‍ॅग्लोनेमाचा संकर करून प्राइड ऑफ सुमात्रा काढला आणि तिथून हे सगळं लाल-गुलाबी प्रकरण सुरू झालं, पुढे थायलंडवाल्यांनी तर ढीगभर जाती काढल्या. पण विकणाऱ्यांनी चिठ्ठी मात्र जुन्याचीच ठेवली. पानात हिरवा भाग जितका कमी तितकं अन्न कमी बनणार, मग ते भरून काढायला उजेड जास्तच लागणार ना. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर मरत नाही लगेच, नवीन पानं हिरवट यायला लागतात, देठ लांबुडके होतात आणि मग लोक म्हणतात नर्सरीवाल्याने रंग मारून दिला.

किती उजेड म्हणजे बास? सकाळी अकराच्या सुमारास झाडाच्या जागी हात धरा, सावली पुसटशी पण ओळखू येईल इतकी पडली तर जमतंय. सावलीच पडत नसेल तर हिरवा घ्या, पैसेही वाचतील. आमचा पूर्वेच्या ग्रिलपासून दोनेक फूट आत आहे, मधे जाळीचा पडदा, आणि रंग मस्त धरलाय. पश्चिमेच्या बाल्कनीत मात्र नको, पुण्याचं एप्रिल-मेचं दुपारचं ऊन पानावर कागदासारखे पांढरट डाग पाडतं आणि ते डाग परत कधीच भरत नाहीत.

खरेदी. मी एक ऑनलाइन मागवला आणि एक सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सरीतून आणला (त्या पट्ट्यात, सोरतापवाडी वगैरे, नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, वेळ काढून जा). ऑनलाइनवाला ३९९ अधिक डिलिव्हरी, पॅकिंग खरंच छान, एक पान मोडलं नव्हतं, पण फोटोत भरगच्च झुडूप आणि हातात आली चार पानं. नर्सरीत त्याच्या दुप्पट झाड १८० ला. शिवाय तिथल्या काकांनी न सांगता कुंडी उलटी करून मुळं दाखवली, पांढरी आणि टणक, म्हणाले ताई पान बघून झाड घेऊ नका, मुळं तपकिरी लिबलिबीत असली तर रंग महिनाभराचा. या एका गोष्टीसाठी मी परत त्यांच्याचकडे जाईन. तिथेच सिरॅमिकच्या कुंड्या मात्र फार महाग लावल्यात, त्या घेऊ नका, आणि बऱ्याच कुंड्यांना खाली भोकच नसतं.

भोक नसलेली कुंडी आणि या झाडाचं अजिबात जमत नाही, कारण हे मरतं ते बहुतेक वेळा जास्त पाण्याने. ऑनलाइनवाला नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) आला होता, वरून कोरडं आणि मधे ओला गोळा, पावसाळ्यात तर आठवडाभर वाळेना. म्हणून आल्यावर एक-दोन आठवडे सेट होऊ द्या आणि मग माध्यम, म्हणजे कुंडीतलं मिश्रण, बदला. कोकोपीट, गांडूळखत, भाताचं तूस किंवा पर्लाइट, कोळशाचे थोडे तुकडे, मूठभर निंबोळी पेंड, हातात घेऊन दाबलं की लगेच भुसभुशीत सुटलं पाहिजे. कुंडी मोठी नको, मुळांपेक्षा बोटभर रुंद पुरे. पाणी घालायच्या आधी बोट दोन पेरं आत खुपसून बघा, ओलं लागलं तर राहू द्या. वार ठरवून पाणी घालणाऱ्यांची झाडं जातात, जुलैत आणि एप्रिलमध्ये एकच हिशोब कसा चालेल.

पाण्यावरून आठवलं, पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली तर आधी सोसायटीच्या टाकीकडे बघा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षार साचतात, आणि आरओचं वाया जाणारं पाणी तर त्याहून खारं, ते झाडांना घालून पाणी वाचवल्याचं पुण्य घेऊ नका, फरशी पुसा त्याने. पावसाचं पाणी बेस्ट, एसीचं जमा झालेलं पण चालतं.

खताचं जास्त काही नाही, मार्च ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, थंडीत बंद. लीफ शाइनचे स्प्रे विकतात ते घेऊ नका, ओल्या फडक्याने पानं पुसा. पुसताना पानाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर ती पिठ्या ढेकूण ही कीड, पानाचा देठ खोडाला चिकटतो तिथे नीट बघून लगेच स्पिरिटच्या बोळ्याने काढा आणि दर आठवड्याला नीमतेल, लिटरला ५ मिली आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, तीन-चार वेळा. मधेच अळूसारखं फिकट फूल येतं, ते कापून टाका, दिसायला काही खास नसतं आणि झाडाची ताकद उगाच खातं.

शेवटचं, घ्यायचं कधी. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात लाल-गुलाबी बघून हात शिवशिवतात माझे पण, तरी थांबा. याला १५ डिग्रीच्या खाली त्रास होतो आणि पुण्यात तेव्हा रात्री त्याच्या बऱ्याच खाली जातात. नवीन आणलेलं झाड खिडकीत गारठलं की पानं मलूल होऊन लोंबतात. जून-जुलैत घ्या, दमट हवा असते, पटकन रुळतं, बाजूने पिल्लं पण फुटतात. मुंबई-कोकणवाल्यांनी मात्र कधीही घ्या, तुमची हवा त्याला बारा महिने मानवते.