निवृत्त नॅस्कार गाडी घेताय? आधी चासी नंबर बघा

नॉर्थ कॅरोलिनातल्या मूर्सव्हिलमध्ये जुन्या रेस गाड्या विकणाऱ्याकडून मी नॅस्कार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेतली, म्हणजे कप मालिकेतली, जेन-6 (सहाव्या पिढीची) गाडी घेतली. 2013 ते 2021 या काळात धावलेली ही पिढी. इंजिन नाही. बऱ्याच गाड्या अशाच, नुसत्या ढकलत्या विकल्या जातात. 358 घनइंची व्ही-8 इंजिन शर्यतीची टीम स्वतःकडे ठेवते. संग्रहासाठी मला तेवढं पुरे.

गाडी मात्र अस्सल! दारं उघडतच नाहीत. स्टिअरिंग काढून ठेवायचं आणि खिडकीतून आत शिरायचं. हेडलाइट म्हणजे स्टिकर. उजव्या पत्र्यावर भिंतीला घासल्याच्या खुणा आहेत, त्यांना मी कधीच रंग लावू देणार नाही. रोल केजचं, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्याचं, वेल्डिंग तर इतकं देखणं की हात फिरवत राहावंसं वाटतं.

तक्रार एकच, पण मोठी. तोंडी सांगितलेला शर्यतींचा इतिहास कागदावर द्यायला विक्रेत्यानं फार टाळाटाळ केली. रंगसंगती आणि नंबर कुठल्याही गाडीवर चिकटवता येतात, खरी ओळख चासी नंबरात असते. तो टीमच्या नोंदींशी जुळला, तरच पैसे द्या. रस्त्यावर ही चालवता येत नाही, तेव्हा ट्रेलरचा खर्चही धरा.