‘कमावलेल्या’ कॅलरींचा हिशेब : मनगटी बँड आणि आहारनोंदीच्या अ‍ॅपचा दीर्घ वापरानंतरचा अनुभव

अ‍ॅपच्या सशुल्क सभासदत्वाचे नूतनीकरण गेल्या आठवड्यात आपोआप झाले. त्याची पूर्वसूचना ईमेलच्या जाहिरातींच्या कप्प्यात पाठवून कंपनीने आपले कर्तव्य उरकले होते. परतावा मागितला असता ग्राहकसेवेकडून नकार आला आणि त्यासोबत एक सल्लाही आला : ‘आपल्या नोंदी पाहता आपण बहुतेक दिवशी कॅलरींच्या मर्यादेत आहात. तरीही वजन उतरत नसल्यास नोंदी अधिक काटेकोर कराव्यात.’ परतावा नाकारला गेल्याचा राग दोन दिवसांत ओसरला असता, परंतु हा सल्ला काही पचला नाही. ज्या अ‍ॅपच्या मते मी मर्यादेत आहे, त्याच अ‍ॅपच्या मते चूकही माझीच आहे, ही भूमिका तपासून पाहावी म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

बँडची बॅटरी, पडदा, पाण्यातील टिकाव यांबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात माझी विशेष तक्रार नाही. पट्ट्याची कडी तुटली तेव्हा नुसती कडी मिळत नाही, संपूर्ण पट्टाच घ्यावा लागतो, हे कळल्यावर मी कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून काम भागवले. माझी खरी तक्रार एका लहानशा हिरव्या आकड्याविषयी आहे. सकाळी एक तास चालून घरी आलो की अ‍ॅपमध्ये ‘आज कमावलेल्या कॅलरी’ या शीर्षकाखाली चारशेच्या आसपासचा आकडा उमटतो आणि तितक्याच कॅलरी दिवसाच्या खाण्याच्या मर्यादेत जमा होतात. म्हणजे सकाळी सतराशेची असलेली मर्यादा न्याहारीच्या वेळी एकवीसशेची झालेली असते. पासबुकात पैसे जमा झाल्याची नोंद दिसली की माणूस ते खर्च करतोच, आणि मीही केले.

हा चारशेचा आकडा येतो कोठून, हे पाहू लागल्यावर त्याची एकेक बाजू ढासळत गेली. माझे वजन सुमारे ऐंशी किलो. ताशी पाच किलोमीटरच्या गतीने सपाट रस्त्यावर चालताना शरीर स्वस्थ बसलेल्या अवस्थेच्या साधारण साडेतीनपट ऊर्जा वापरते, आणि स्वस्थ बसलेले शरीर दर किलो वजनामागे तासाला सुमारे एक कॅलरी वापरते. (आहारशास्त्रात ज्याला आपण कॅलरी म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी असते, येथेही तोच अर्थ घ्यावा.) या हिशेबाने तासाभराच्या चालण्याला २८० कॅलरी लागतात, चारशे नव्हेत. त्या २८० पैकी ८० तर मी त्या तासात खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलो असतो तरी खर्च झाल्याच असत्या, आणि सतराशेची मूळ मर्यादा ठरवताना अ‍ॅपने त्या आधीच धरलेल्या आहेत. म्हणजे चालण्याची निव्वळ भर २०० कॅलरींची, आणि खाण्याची परवानगी ४०० ची.

मनगटावरून ऊर्जेचा खर्च मोजण्यातील चूक काही माझ्या एकट्याच्या बँडची नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणे साठ स्वयंसेवकांवर तपासली. त्यांपैकी सहा उपकरणांनी हृदयाचे ठोके पाच टक्क्यांहून कमी चुकीने मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के आणि सर्वांत वाईट उपकरणाची ९३ टक्के निघाली. ठोके हे प्रत्यक्ष मोजमाप असते, तर कॅलरी हा ठोके, वय, उंची आणि वजन यांवरून बांधलेला अंदाज असतो. दोन्ही आकडे मात्र पडद्यावर सारख्याच ठसठशीत अक्षरांत, जवळच्या दशकापर्यंतही पूर्णांकित न करता, ४०७ किंवा ३९३ असे दाखवले जातात.

याहून मोठा घोळ नोंदणीच्या पहिल्याच पानावर आहे. ‘आपली दैनंदिन हालचाल कशी आहे?’ या प्रश्नाला रोज चालणारा कोणीही माणूस ‘मध्यम’ असेच उत्तर देईल. त्या उत्तरामुळे मूळ मर्यादेत चालण्याच्या कॅलरी एकदा मिळवल्या जातात, आणि मग तेच चालणे बँड मोजतो तेव्हा त्या दुसऱ्यांदा मिळवल्या जातात. पर्याय ‘बैठे काम’ असा बदलल्यावर माझी मूळ मर्यादा एका क्षणात बरीच खाली आली. हे मी ग्राहकसेवेला कळवले. ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ हे उत्तर तत्परतेने आले, आणि विषय तेथेच राहिला.

येथपर्यंत माझी समजूत अशी होती की आकडेमोड दुरुस्त केली की वजन अपेक्षेप्रमाणे उतरेल. पुढे ती बदलावी लागली, कारण शरीरही आपल्या बाजूने हिशेब जुळवत असते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा या शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या लोकांचा ऊर्जेचा खर्च मोजला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. बँडच्या अंदाजाप्रमाणे नव्हे, तर हायड्रोजन व ऑक्सिजनची जड समस्थानिके असलेले पाणी पाजून आणि मूत्रातील त्यांचे प्रमाण तपासून, म्हणजे या क्षेत्रातील सर्वांत विश्वासार्ह पद्धतीने. दिवसाकाठी मैलोन्‌मैल चालणाऱ्या या लोकांचा एकूण खर्च, शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर, बैठे जीवन जगणाऱ्या पाश्चात्त्य शहरवासीयांच्या खर्चाइतकाच निघाला. पुढे २०२१ मध्ये सतराशेहून अधिक प्रौढांच्या अशाच मोजमापांचे विश्लेषण झाले. हालचालींवर वाढलेल्या खर्चापैकी सरासरी २८ टक्के भाग शरीर अन्यत्र काटकसर करून भरून काढते आणि अंगात चरबी अधिक असलेल्यांत हे प्रमाण आणखी वाढते, असे त्यातून दिसले. म्हणजे माझ्या निव्वळ दोनशेतील खऱ्या उरल्या जेमतेम दीडशे. याशिवाय सकाळी चाललो म्हणून दुपारी लिफ्ट घेणे आणि संध्याकाळी पलंगावर आडवे होणे, हे बँडच्या आलेखात स्पष्ट दिसत होते. त्यावर अ‍ॅपने कधी चकार शब्द काढला नाही.

ग्राहकसेवेचा ‘नोंदी काटेकोर करा’ हा सल्ला अगदीच निराधार होता असे मात्र म्हणता येणार नाही, आणि येथे मला एका अनपेक्षित सुखद खरेदीबद्दल लिहिलेच पाहिजे. बँडच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून स्वस्त असा स्वयंपाकघरातील छोटा डिजिटल काटा मी चिडून विकत घेतला. त्याने बँडपेक्षा जास्त शिकवले. अ‍ॅपमधील ‘एक मध्यम चपाती’ म्हणजे कोरडा फुलका असतो. आमच्या घरची घडीची पोळी तीस ग्रॅम कणकेची, घडीत तेल आणि वरून तूप लावलेली, ती अ‍ॅपच्या आकड्याच्या जवळपास दीडपट भरते. तांदूळ कच्चा मोजला तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि शिजलेला भात मोजला तर सुमारे एकशे तीस, हा फरक अ‍ॅपच्या यादीत ‘भात’ या एकाच नावाखाली दडलेला आहे. शेंगदाण्याचे कूट भाजीत, कोशिंबिरीत आणि खिचडीत किती पडते, हे आमच्याकडे कोणी कधी मोजले नव्हते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. आणि तेल. फोडणीला आई पळीने अंदाजे तेल घालते. ते काट्यावर मोजले तेव्हा मी नोंदवत असलेल्या दोन चमच्यांहून माझ्या वाट्याला रोज पंधरा ग्रॅम तरी जास्त तेल येत होते. ग्रॅमला नऊ कॅलरी या दराने ते १३५ होतात. काट्यामुळे आई आणि मी यांच्यात जे मतभेद झाले ते या परीक्षणाच्या कक्षेबाहेरचे आहेत.

नोंदींत अशी तूट केवळ आपल्याच घरात राहते असे नाही. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, ‘आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या व्यक्ती आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि आपली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त नोंदवत होत्या. त्यांची चयापचय क्रिया मंद नव्हती. या अभ्यासाचा दाखला देऊन लोकांना खोटारडे ठरवणाऱ्यांची मला चीड येते, कारण पळीतले तेल कोणी लपवत नाही. ते दिसतच नाही.

पण काटा घेऊनही काटेकोरपणाला मर्यादा आहे, कारण वेष्टनावरचा आकडाही शेवटी गणितानेच काढलेला असतो. प्रथिने व पिष्टमय पदार्थ यांना ग्रॅमला चार आणि स्निग्ध पदार्थांना नऊ, हे दर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून आलेले आहेत. पदार्थ पचनमार्गातून किती शोषला जाईल, हे त्याच्या बांधणीवरही अवलंबून असते. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी २०१२ मध्ये मोजले तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १२९ कॅलरीच मिळाल्या. प्रचलित गणिताने तो आकडा १७० च्या आसपास येतो. पुढच्या अभ्यासात बदामांचे लोण्यासारखे वाटण केले तेव्हा मात्र कॅलरी जवळजवळ पूर्ण मिळाल्या. अख्खे दाणे आणि त्यांचे कूट यांची अ‍ॅपमध्ये एकच नोंद असते.

आता हा सगळा हिशेब एकत्र मांडून पाहा. अ‍ॅपने मला दररोज पाचशे कॅलरींची तूट आखून दिली होती. चालण्याच्या नावाखाली किमान दोनशे जास्त परत दिल्या, तेलाने १३५ खाल्ल्या, शरीराने पन्नासेक वाचवल्या. उरल्या शंभर-सव्वाशे, आणि पोळ्या व कूट यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. काही महिने वजनाचा काटा जागच्या जागी का राहिला, हे यात कोणत्याही गूढाशिवाय स्पष्ट होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम माझ्या बाबतीत मोडलेला नव्हता. त्या समीकरणात घातलेला एकही आकडा खरा नव्हता, इतकेच.

‘कमावलेल्या कॅलरी मर्यादेत मिळवू नका’ अशी सोय अ‍ॅपमध्ये आहे, हे मला फार उशिरा सापडले. ती अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चौथ्या पातळीवर, ‘भागीदार उपकरणे’ या शीर्षकाखाली आहे, जेथे ती शोधायला कोणताही शहाणा माणूस जाणार नाही. ती चालू केल्यावर वजन हळूहळू खाली येऊ लागले आणि अ‍ॅपविषयीचे माझे मत काही काळ बरेच मवाळ झाले. मग वजन पुन्हा थांबले. अ‍ॅप मात्र लक्ष्यवजन गाठण्याची तारीख सरळ रेषेत दाखवत राहिले, कारण ७,७०० कॅलरींची तूट म्हणजे एक किलो, या जुन्या ठोकताळ्यावर ती रेषा बेतलेली आहे. वजन घटले की शरीराचा खर्चही घटतो, त्यामुळे खरी रेषा वाकत जाते. अमेरिकन संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार खाण्यात रोज सुमारे २४ कॅलरींची कायमची घट केली तर अखेरीस एक किलो वजन उतरते, पण त्यातील निम्मे उतरायला वर्ष लागते आणि जवळपास सगळे उतरायला तीन वर्षे. ही वाकलेली रेषा दाखवली तर सभासदत्व विकणे कठीण जाईल, हे मी समजू शकतो.

बँड फेकून द्यावा असे वाटण्याच्या टप्प्यावर मी होतो. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या चाचणीचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वाचून तर ते मत पक्केच झाले होते : दोन वर्षांअखेर उपकरण वापरणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलो उतरले, तर उपकरणाविना तशाच कार्यक्रमात राहिलेल्यांचे ५.९ किलो. तरीही मी तो ठेवला आहे, आणि त्याला कारण वजन नाही. विश्रांतीच्या वेळचे माझे ठोके या काळात स्पष्टपणे कमी झाले आहेत, आणि ठोके हेच तर बँड नीट मोजतो. पोटाचा घेरही टेपने मोजता कमी झाला आहे. भारतीयांच्या बाबतीत वजनाच्या आकड्यापेक्षा हे अधिक महत्त्वाचे असू शकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेले छायाचित्र पाहावे : दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, परंतु चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. माझे अ‍ॅप त्या दोघांना एकच हिरवी खूण देऊन मोकळे झाले असते.

तेव्हा पैशांच्या दृष्टीने माझा निर्णय असा आहे. बँड ठीक आहे, सवलतीत मिळाल्यास घ्यावा, पण त्याचा कॅलरींचा पडदा बंद ठेवावा. सशुल्क सभासदत्व घेऊ नये. बिनपैशाच्या आवृत्तीत नोंदी होतात आणि तितके पुरे आहे. घेतलेच असेल तर स्वयंचलित नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करावे. पदार्थांच्या आकड्यांसाठी अ‍ॅपच्या यादीऐवजी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची अन्नघटक कोष्टके वापरावीत. त्यांत ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे प्रत्यक्ष पृथक्करण आहे. छोटा काटा मात्र आजच घ्यावा.

कंपनीकडे माझी एकच मागणी आहे आणि ती लेखी पाठवलीही आहे. चालून आल्यावर ४०७ असा आकडा न दाखवता ‘१५० ते ३००’ असा पल्ला दाखवावा, आणि तो खाण्याच्या मर्यादेत मिळवण्याची सोय मुळात बंद ठेवूनच अ‍ॅप ग्राहकाच्या हाती द्यावे. ज्याला ती हवी असेल त्याने चौथ्या पातळीपर्यंत जाऊन ती चालू करावी.