पेरूच्या बागेत सूत्रकृमीवर भाताचा कोंडा: वापरल्यानंतरचा अनुभव

हातकणंगले भागात पेरू लावणाऱ्यांसाठी लिहितोय. आमची जुनी बाग सूत्रकृमीनं (मुळीत शिरून गाठी करणारा, डोळ्याला न दिसणारा बारीक किडा) गेली. पानं आधी तांबूस पडली, मग झाडं उभ्याउभ्या वाळली आणि उपटली तर मुळ्या हळकुंडागत गाठाळलेल्या. त्याच रानात परत पेरूच लावायचा होता. फोरेट, म्हणजे मातीत टाकायचं विषारी औषध, 2020 च्या शेवटीच बंद झालंय, आणि खाण्याच्या फळाखाली ते टाकायची इच्छा पण नव्हती.

कॅलिफोर्नियात बदामाच्या बागा काढल्या की बदामाचीच टरफलं जमिनीत मिसळतात, पाणी देतात आणि वर प्लास्टिक अंथरतात असं वाचलं होतं. मिथाइल ब्रोमाइड, म्हणजे मातीतली कीड मारायचा विषारी वायू, तिकडं 2005 ला जवळपास बंद झालं, तेव्हापासून असले पर्याय शोधणं चाललंय. आपल्याकडं बदाम कुठला, पण भाताचा कोंडा (तूस नव्हे, तांदूळ पॉलिश करताना निघतो तो) हाय की!

एप्रिलमध्ये लागणीच्या ओळीपुरते पट्टे केले, चौरस मीटरला साधारण 2 किलो कोंडा टाकून रोटरनं वरच्या वीतभर मातीत मिसळला, ठिबकनं माती पार चिंब केली आणि पारदर्शक प्लास्टिकचा पेपर अंथरून कडा मातीत दाबल्या. दुकानदार सिल्व्हर-ब्लॅक पेपरच गळ्यात मारतोय, घेऊ नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही. पाचसहा आठवडे तसंच ठेवलं. मधेच कुत्र्यांनी पेपर फाडला, लगेच चिकटपट्टी लावली, कारण हवा आत गेली की सगळा खेळ खलास. आत जंतू कोंडा खाऊन ऑक्सिजन संपवतात, मग व्हिनेगरमधल्यासारखी आम्लं तयार होतात, वरून उन्हाचा ताप, ह्या तिन्हीनं मिळून सूत्रकृमी मरतो. नुसता कोंडा किंवा पाचट उघड्यावर पसरून हे होत नाही, जमिनीला खत मिळतं एवढंच, हे लोकांना सांगून सांगून दमलो राव.

पेपर काढला तेव्हा वास असा आला की शेजारचे विचारायला आले काय सडलंय. लगेच लागण करायची नाही, माती हलवून उघडी ठेवायची, थोडी माती कुंडीत घेऊन मेथी टाकून बघायची, नीट उगवली तर पुढं जायचं.

पावसाळा संपल्यावर चारदोन झाडांच्या कडेची माती उकरून मुळ्या बघितल्या. पट्ट्यातल्या पांढऱ्या, एखाददुसरी बारीक गाठ. मुद्दाम कोंड्याविना ठेवलेल्या ओळीत गाठी पुन्हा सुरू, झाडं पण खुरटी. म्हणजे सूत्रकृमीवर फरक पडतो, लई पडतो, पण कायमचा बंदोबस्त नव्हे, खोल मातीत ताप पोचत नाही आणि तिथनं सूत्रकृमी परत वर येणारच.

हुमणीवर (मुळ्या खाणारी, भुंगेऱ्याची अळी) मात्र काही उपयोग झाला नाही. वळीव पडला की भुंगेरे बाहेरून येतात, रात्री कडूनिंब-बाभळीवर बसतात आणि अंडी तुमच्याच मातीत घालतात, त्याला तुमचा पेपर काय करणार. तिथं प्रकाश सापळा आणि मेटारायझियमच (हुमणी मारणारी बुरशी) बघा, आणि शेणखत पूर्ण कुजलेलंच टाका.

खर्चाचं खरं सांगायचं तर पेपरपेक्षा कोंडाच महाग पडला. आमचे आबा तर रोज म्हणायचे, "म्हशीला घाल की लेका, मातीला कशाला चारतोयस." अख्ख्या एकराला ह्या हिशोबानं 8 टन लागतो, परवडतच नाही, म्हणून पट्टेच करा. सुगीनंतर राईस मिलवाल्याशी आधीच बोलून ठेवलं तर भाव जरा बरा बसतो.

आणि एवढं सगळं करून नर्सरीतनं गाठाळलेली रोपं आणलीत तर पैसे पाण्यात. मी दोनतीन पिशव्या फोडून मुळ्या धुऊन बघितल्या, नर्सरीवाला चिडला, चिडू दे. एका ठिकाणची रोपं तशीच सोडून आलो, दुसरीकडनं घेतली.