गाडी उठताना थरथरते: आधी गिअरबॉक्स की आधी रबरं?

माझ्या पिकअपला १५ वर्षं झाली. पहिल्या गिअरला क्लच सोडला की अख्खी गाडी थरथरायची, रिव्हर्सला तर जास्तच. अशा वेळी मिस्त्री लोकांचे दोन पंथ भेटतात. एक म्हणतो, गिअरबॉक्स उतरवा, क्लच सेट (क्लच प्लेट आणि तिच्या जोडीचे भाग) टाका, विषय संपला. दुसरा म्हणतो, आधी बाहेरून, इंजिन ज्यावर बसतं ती रबरं वगैरे बघू. मी दोन्ही केलं, पण उलट्या क्रमाने.

सेटवाल्यांचं सगळंच चूक नाही. चढाला इंजिन ओरडतंय आणि गाडी पळत नाही, म्हणजे प्लेट संपली. तिथे तपासत बसू नये. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल टपकत असेल तरीही उतरवण्यावाचून इलाज नाही. तेल लागलेली प्लेट धरते, सोडते, परत धरते. मात्र उतरवलाच तर ऑइल सील बदला आणि फ्लायव्हीलला (प्लेट ज्यावर दाबली जाते ती जड चकती) लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या. तिच्यावरचे तापून पडलेले निळे डाग तसेच ठेवून नवी प्लेट बसवली तर थरथर परत येऊ शकते.

माझी प्लेट घसरत नव्हती, तेलही नव्हतं. तरी सेट टाकला. तिसऱ्या दिवशी टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावला गेलो. बाजारात गाडी रिव्हर्स लावायची म्हणजे हाफ क्लचवर इंच-इंच सरकायचं. गाडी पहिल्यासारखीच थरथरली, वरच्या क्रेटमधले टोमॅटो टपाटप खाली. मागे उभा हमाल म्हणाला, "दादा, गाडीला हिवताप आलाय का?" मिस्त्रीला फोन केला तर म्हणे, नवी प्लेट आहे, बसू द्या. नवी प्लेट बसायला काहीशे किलोमीटर लागतात हे खरं, म्हणून महिनाभर गप्प राहिलो. पैसे गेले त्याचं एक वेळ सोडा, पण नवा सेट टाकून रोज त्याच हमालासमोर तशीच रिव्हर्स घ्यायची, हे काही मला सोसेना.

शेवटी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढायला लावला आणि रिव्हर्स टाकून क्लच जरासा सोडायला सांगितलं. स्वतः बाजूला उभा राहिला. (ही तपासणी करताना गाडीच्या पुढे-मागे कुणी नको.) इंजिन एका अंगाने चांगलंच उचललं गेलं. माउंटिंगचं रबर लोखंडापासून सुटलं होतं. नुसतं बघून कळलंही नसतं. दोन्ही बाजूंची बदलली, दुपारी गाडी घेऊन घरी. त्याच फेरीत त्याने प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे हलवून पाहिले आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आवळले, कारण तेही ढिले असले की उठताना झटका देतात.

बाहेरून सगळं दिसत नाही, हे कबूल. रबरं ठणठणीत असूनही घाटात क्लच तापल्यावर थरथर वाढत असेल, तर मग गिअरबॉक्सच उतरवा. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार वेळाच थरथरून थांबत असेल, तर मी लक्षही देत नाही. रात्रीत फ्लायव्हीलला दमट हवेने गंज धरतो, तो घासून निघतो. प्रत्येकाच्या गाडीचं गणित वेगळं, पण मला विचाराल तर आधी बॉनेट.

माझी जुनी प्लेट अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. तिचे रिव्हेट लायनिंगमध्ये अजून चांगले खोल आहेत, म्हणजे ती झिजलीच नव्हती.