एम.एस्सी.ची एकच उन्हाळी सुट्टी: अर्ज कुठे करायचा?

दोन वर्षांच्या एम.एस्सी.त उन्हाळी सुट्टी एकदाच येते, पहिलं वर्ष संपल्यावर. त्यापुढच्या मे महिन्यात तुमचा शेवटचा पेपर झालेला असतो आणि उन्हाळी संशोधनाच्या बहुतेक योजना तुमच्यासाठी बंद झालेल्या असतात. या एकुलत्या एका सुट्टीचा निर्णय घ्यावा लागतो आदल्या नोव्हेंबरात, नेमका पहिल्या सेमिस्टरची प्रॅक्टिकल्स आणि लेखी परीक्षा डोक्यावर असताना. दर फेब्रुवारीत चार-पाच मुलंमुली माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सर, उन्हाळ्यात कुठे प्रोजेक्ट मिळेल का?" तोवर सगळ्यात रुंद दार केव्हाच बंद झालेलं असतं. हा आढावा त्यांच्यासाठी आहे, म्हणजे पुढच्या वर्षी तो फेब्रुवारीत वाचायची वेळ येऊ नये.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून उदाहरणं तिकडची जास्त येतील. गणितवाल्यांसाठी एक स्वतंत्र वाट आहे, तीही सांगतो.

आधी ते रुंद दार. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. मुदत दोन महिने. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित, भूविज्ञान, अभियांत्रिकी असे सगळे विषय त्यात येतात. अर्ज साधारण नोव्हेंबरात भरायचा असतो. निवड झाली की देशातल्या एखाद्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाकडे तुम्हाला पाठवलं जातं. चार आठवड्यांनी एक अहवाल द्यायचा, आठ आठवडे संपल्यावर दुसरा. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला या योजनेचा फायदा सगळ्यात जास्त होतो असं माझं ठाम मत आहे. इथे कुणाची ओळख लागत नाही. मार्कशीट, तुम्ही लिहिलेला छोटा मजकूर आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र, एवढंच तुमच्या वतीने बोलतं.

दुसरा पर्याय पुण्यातल्या आयुकाचा, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचा. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये उभारलेली, पुणे विद्यापीठाच्या आवारातली ही संस्था दर उन्हाळ्यात व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम घेते. तो पदवीच्या उपान्त्य वर्षातल्यांसाठी, म्हणजे एम.एस्सी.च्या बाबतीत पहिल्या वर्षातल्यांसाठी आहे. अर्ज नवीन वर्षाच्या सुरुवातीला मागवतात आणि मोजक्याच जणांना घेतात. दोन्ही योजनांतला खरा फरक शेवटी कळतो. आयुकात मुक्काम संपताना मुलाखत होते. काम आणि मुलाखत दोन्ही चांगली झाली, तर एम.एस्सी. पुरी झाल्यावर तिथेच पीएच.डी.साठी आगाऊ निवड होऊ शकते. अकादमीच्या फेलोशिपमधून असं काही थेट हाती पडत नाही. तिथून मिळतो तो अनुभव, अहवाल आणि ज्यांच्याकडे काम केलं त्यांचं मत.

म्हणून कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो: खगोलशास्त्रच करायचं हे ठरलंय का? ठरलं असेल तर आयुका पहिल्या क्रमांकावर ठेवा आणि अकादमीचा अर्जही भराच. नसेल ठरलं, तर दोन महिने वेगळ्या विषयाची चव घ्यायला अकादमी बरी. विषय आवडला नाही हे कळणंसुद्धा मोठं काम आहे, आणि ते पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी कळलेलं चांगलं.

खगोलशास्त्राकडे ओढा आहे पण खात्री नाही, अशांनी डिसेंबरकडेही लक्ष ठेवावं. पुण्यात एनसीआरए (टीआयएफआरचं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र) आणि आयुका मिळून रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा भरवतात. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची 45 मीटर व्यासाची एकेक तबकडी जवळून पाहिली, अशा तीस तबकड्या मिळून एक दुर्बीण होते हे तिथे उभं राहून समजलं, की पाठ्यपुस्तकातलं लहरींचं व्यतिकरण (इंटरफेरन्स) एकदम खरं वाटायला लागतं.

तिसरा पर्याय मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था), व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्रॅम. अर्ज बहुधा जानेवारीत असतात. कुलाब्याचा मुख्य परिसर आणि पुण्याच्या एनसीआरएसारखी केंद्रं त्यात आहेत. चुरस मोठी आहे. अकादमीचा अर्ज नीट लिहिला असेल तर हा भरायला फारसे जादा कष्ट नाहीत, तेव्हा भरून टाका, पण याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

आता गणित. इथे मी सहकाऱ्यांकडून जे पाहिलं-ऐकलं, त्यावरून सांगतो. एमटीटीएस, म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च, हा प्रा. एस. कुमारेसन यांनी 1993 मध्ये सुरू केलेला चार आठवड्यांचा उन्हाळी वर्ग आहे. यात प्रोजेक्ट नसतो. वर्गात शिक्षक प्रश्न विचारत राहतात आणि व्याख्या, उदाहरण, प्रतिउदाहरण मुलांकडूनच काढून घेतात. पाठ करून आलेल्याचा पहिल्या दोन दिवसांत निभाव लागत नाही, आणि तेच त्याचं मोल आहे. आपल्याकडे एम.एस्सी.ला पोचलेली कितीतरी मुलं सांतत्याची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या घडाघडा म्हणतात, पण "संतत नसलेलं एखादं फलन काढून दाखव" म्हटलं की अडखळतात. अशा मुलाला दोन महिन्यांच्या प्रोजेक्टपेक्षा हे चार आठवडे जास्त देतील. प्रोजेक्टमध्ये पाया कच्चा असला तरी वेळ निभावून नेता येते. इथे ती सोय नाही.

या सगळ्यांसमोर पाचवा पर्याय उभा असतो: कुठेच न जाता घरी किंवा वसतिगृहात राहून नेटचा, म्हणजे संशोधनवृत्ती आणि प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, अभ्यास करणं. पालकांना तो पटतो, आणि त्यात तथ्यही आहे. विज्ञान विषयांच्या सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या दराने पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात, पुढे एसआरएफचे (वरिष्ठ फेलोशिपचे) 42,000. जेआरएफ नाही मिळाली तरी 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशाला धरले जातात. गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेचा गुणांक तीन वर्षं चालतो. या परीक्षांचं वजन मी कमी लेखत नाही.

पण परीक्षा आणि सुट्टी, दोन्हींची वेळ शेजारी ठेवून पाहा. नेट वर्षातून दोनदा होते. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी जून-सत्राची सीएसआयआर-नेट प्रत्यक्षात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाली. गेट दरवर्षी फेब्रुवारीत. या परीक्षा पुन्हा देता येतात, सुट्टी मात्र पुन्हा येत नाही. त्यामुळे विषयांत पास असलेल्या, बरे गुण असलेल्या मुलाला मी प्रयोगशाळेतच धाडतो. बॅकलॉग असेल, किंवा क्वांटम आणि मॅथेमॅटिकल मेथड्स दोन्ही डळमळीत असतील, तर घरीच बसा. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते दोन महिने खरोखर अभ्यासाचे हवेत.

आता एका अशा गोष्टीबद्दल, जिने बेत फिस्कटताना मी सगळ्यात जास्त पाहिलेत: परीक्षेचं वेळापत्रक. आपल्याकडे दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा एप्रिलात संपेल म्हणतात आणि जूनपर्यंत ताणली जाते. माझ्या एका विद्यार्थ्याची एका नामांकित उन्हाळी कार्यक्रमासाठी निवड झाली होती. तिथे सगळ्यांनी एकाच तारखेला रुजू व्हायचं होतं. आमची परीक्षा तीन आठवडे पुढे गेली आणि त्याला जागा सोडावी लागली. त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलीला अकादमीची फेलोशिप मिळाली होती. तिने आपल्या मार्गदर्शकांना मेल लिहून अडचण सांगितली, ते हो म्हणाले, आणि ती जूनमध्ये गेली. अकादमीत एकट्या मार्गदर्शकाशी बोलायचं असल्यामुळे तारीख थोडी पुढेमागे होऊ शकते. तुमच्या विद्यापीठाचं वेळापत्रक दरवर्षी घसरत असेल तर हा मुद्दा संस्थेच्या नावापेक्षा मोठा माना.

खर्चाच्या बाबतीत उलटं आहे. आयुकासारख्या ठिकाणी राहण्याची व्यवस्था संस्था बघते. अकादमीच्या फेलोशिपमध्ये तुम्ही जिथे जाल तिथल्या वसतिगृहात जागा असली तर ठीक, नसली तर खोली शोधणं आलं. बंगळुरू किंवा हैदराबादला आधी डिपॉझिट, मग भाडं, आणि फेलोशिपची रक्कम मागाहून. निदान पहिल्या महिन्याचे पैसे हाताशी ठेवूनच निघा. मुलीला दोन महिने परगावी पाठवायला घरचे कचरत असतील, तर पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांबद्दल आधी बोला. राहण्याची जागा आवारातच आहे हे कळलं की घरातल्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी दोन घरांत बसून पाहिलंय.

एक फायदा अजून बऱ्याच जणांच्या लक्षात आलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे. उन्हाळ्यातलं संशोधनाचं काम त्यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना जाण्याआधी विचारा आणि होकार लेखी घ्या. परत आल्यावर विचारलंत तर बहुधा "आता नियमात बसत नाही" असं ऐकावं लागेल.

शेवटी अर्जातला मजकूर. मी वाचलेल्या दहातल्या आठ मजकुरांत "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" किंवा "मला नॅनोटेक्नॉलॉजीत काम करायचं आहे" असं असतं. निवड करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने मात्र एवढंच लिहिलं होतं: कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून, झिंक ऑक्साईडच्या फिल्म (पातळ थर) केल्या, एकाच द्रावणातून केलेल्या दोन फिल्मचा रोध वेगवेगळा आला, तापमान नीट राखलं तरीही आला, आणि हे का होतं ते तिला कळून घ्यायचं होतं. तिला मिळालेली जागा त्या प्रश्नामुळे मिळाली असं मला वाटतं. तिचे गुण वर्गात चौथे होते.

शिफारसपत्राचं तेवढं सांभाळा. सरांना शेवटच्या दिवशी गाठू नका, दोन आठवडे आधी भेटा. तुमचा मजकूर, मार्कशीट आणि केलेल्या प्रयोगांची यादी त्यांच्या हातात द्या, म्हणजे त्यांना "हुशार व कष्टाळू" याच्या पुढे काही लिहिता येईल. पत्र अपलोड करायची लिंक मेलवर येते आणि ती कधीकधी स्पॅममध्ये जाऊन पडते. तुम्ही सबमिट दाबलंत त्याच दिवशी सरांच्या समोर बसून ती लिंक उघडतेय का ते पाहून घ्या.